सभापतींची गाडी माझ्या नावावर होईपर्यंत

गाडी बघायला निघाले तेव्हा माझ्या वहीत त्रेचाळीस मुद्दे होते. टायरवर छापलेला आठवड्याचा आणि वर्षाचा आकडा, दारांच्या फटी, सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेली तारीख, थंड इंजिन सुरू करताना येणारा आवाज, गिअर बदलताना बसणारा धक्का. बीडमध्ये माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे आणि गेली वीस वर्षं मी सकाळी यादी केल्याशिवाय शटर वर केलेलं नाही. नवरा म्हणतो, तू वर गेलीस तरी चित्रगुप्ताच्या वहीत चुका काढशील. काढीनच. एवढा मोठा पसारा आणि तपासणारं कोणी नाही.

मला वेगवान गाडी हवी होती. वाक्य लिहायला सोपं आहे, आमच्याकडे बोलायला नाही. एक्कावन्नाव्या वर्षी बाईला काय हवं असावं याची यादी समाजानं आधीच करून ठेवलेली आहे. रस्त्याकडेचा प्लॉट, होणाऱ्या सुनेसाठी पाटल्या, चारधाम, गुडघ्यांना चोळायचं तेल. सहा सिलिंडरची, मागच्या चाकांवर जोर टाकणारी, पाच मीटर लांब सेडान त्या यादीत नाही. पण पुण्याच्या भाच्यानं एकदा त्याची तसली गाडी मांजरसुंब्याच्या घाटात माझ्या हातात दिली. तोपर्यंत घाट म्हणजे दुसरा गिअर, पुढे उसाची ट्रॉली आणि तोंडात देवाचं नाव, एवढंच मला माहीत. त्या दिवशी पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. ट्रॉली मागे गेली, ट्रक मागे गेला, "आत्या, हळू" म्हणणारा भाचाही मागे गेल्यासारखा वाटला. खाली उतरल्यावर त्यानं किल्ली खिशात घातली आणि परत कधी काढली नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो.

"अहो, मला तसली गाडी घ्यायची आहे."

"कशाला?"

"जोरात जायला."

"कुठे?"

"दुकानात."

"दुकान घरापासून दोन किलोमीटर आहे."

"मग गेवराईला. आठवड्यातून दोनदा जातेच की मी गेवराईला."

त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाला, "वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, एवढं लक्षात ठेव." आमच्या घरात याला परवानगी म्हणतात.

नवी घ्यायची तर दुकान विकावं लागलं असतं, म्हणून जुनी. आमच्या जिल्ह्यात जुन्या गाड्यांना तोटा नाही, पण त्या सगळ्या पांढऱ्या, उंच आणि सात सीटच्या. त्याला कारण आहे. पुढाऱ्यानं गाडीतून खाली उतरायचं असतं. बसक्या सेडानमधून माणूस उतरत नाही, तो विहिरीतून निघाल्यासारखा वर येतो. शिवाय तिच्यात मागे तीनच कार्यकर्ते मावतात, आणि तीन कार्यकर्त्यांच्या पुढाऱ्याला आमच्याकडे उमेदवार म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात.

खबर मिस्त्रीनं आणली. माझ्या दुकानाचा टेम्पो बारा वर्षं जिवंत ठेवणारा हा माणूस. टेम्पो त्याच्या हाताबाहेर एकदाच गेला, तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता.

"ताई, एक जनावर हाय," तो म्हणाला. "गेवराई रोडला, साहेबाच्या फार्महाऊसवर. दीड वरीस झालं, कापसाच्या थप्पीला टेकून उभं हाय बिचारं."

साहेब म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. सभापती झाले त्या आनंदात त्यांनी ही गाडी, तीही कुणाची तरी वापरलेली, घेतली, आणि पहिल्याच सत्काराला बाहेर येताना त्यांच्या कडक इस्त्रीच्या पायजम्याचा पार बोळा झाला. दुसऱ्या आठवड्यात गावातल्या गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं आणि मतदारांनी ढकलून पलीकडे नेली. मतदारांनी ढकललेली गाडी पुढारी परत वापरत नाही. तेव्हापासून ती शेडमध्ये होती.

मी, मिस्त्री आणि वही असे तिघं गेलो. साहेब खाटेवर बसून फोनवर कुणाला तरी "झालं समजा, झालं समजा" म्हणत होते. साठीचा, गोल, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. आम्हाला चहा आला, बिस्किटं आली, आणि शेडचं दार उघडलं.

धुळीखाली गडद निळा रंग होता. मागच्या काचेवर ठळक पिवळ्या अक्षरात "शब्दाचा पक्का" लिहिलेलं, आणि नंबर असा की चारही आकडे एकच. मिस्त्रीनं बोनेट उघडलं, तेलाचं झाकण काढून बोटानं आतून पुसलं, बोट उन्हात धरलं.

"मलई न्हाई. म्हंजे तेलात पानी गेलेलं न्हाई." मग एअर फिल्टरचा डबा उघडला आणि तो हसायला लागला. आत उंदरानं सरकी साठवून ठेवली होती, दोन ओंजळी तरी भरेल एवढी. "साहेब, तुमचा माल हितं हाय की!"

"त्याचा काय लावायचा तो भाव लावा," साहेब म्हणाले.

बॅटरी मेलेली, चारही टायर जुने, दोन वायरी कुरतडलेल्या. पण सर्व्हिसचे कागद पूर्ण, रंग कंपनीचाच, गिअर लोण्यासारखे. मिस्त्रीनं सोबत आणलेली बॅटरी लावली. इंजिन सुरू झालं तेव्हा शेडमधली कबुतरं उडाली. मी हायवेवर नेऊन आणली. त्याबद्दल एवढंच सांगते की परत आल्यावर मिस्त्री गाडीतून उतरला, थोडा वेळ लिंबाच्या झाडाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तुमी टेम्पो असा चालवत न्हाईत ना?"

त्रेचाळीसपैकी अडतीस मुद्द्यांवर मी टिक केली. भाव ठरला. साहेबांनी जास्त ताणलं नाही, आणि तिथंच मला कळायला हवं होतं.

"ताई, गाडी तुमची," ते म्हणाले. "आत्ता न्या. फकस्त एक अट हाय."

"बोला."

"इकली म्हनायचं न्हाई."

"मग काय म्हणायचं?"

"वापरायला दिली म्हना. बहीणभावाचं नातं हाय आपलं."

"कधीपासून?"

"आत्तापासून समजा." ते खाटेवर पुढे सरकले. "जिल्हा परिषदेचं इलेक्शन तोंडावर हाय, ताई. आन् पुढाऱ्याची गाडी इकली की लोक काय म्हनत्यात? साहेब बसले. साहेब बसले म्हनलं की कार्यकर्ते उठून दुसरीकडं जात्यात. म्हून नाव, नंबर, काचंवरचं, सगळं हाय तसं ऱ्हाऊ द्या. इलेक्शन झालं की दुसऱ्या दिवशी सह्या. झालं समजा."

मी काही भोळी बाई नाही. निम्मे पैसे सह्या होईपर्यंत माझ्याकडे ठेवले. स्टँप पेपरवर करार केला, त्यात गाडीचा चॅसी नंबर घातला, विमा मी भरणार हे घातलं, अपघात झाला तर काय हे घातलं. आणि मुदत म्हणून, स्वतःच्या हातानं, लिहिलं: जिल्हा परिषदेची निवडणूक झाल्यावर सात दिवसांत.

कुंभमेळा बारा वर्षांनी येतो, पण येतो. आमच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीबद्दल असं छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकत नाही. हे बीडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असलेलं सत्य मी, अडतीस ठिकाणी टिक केल्याच्या गुर्मीत, विसरले.

गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना चौकातल्या पोलिसानं मला सलाम ठोकला. मी मागे वळून बघितलं, मागे भाजीचा गाडा होता. टोलनाक्यावर माणूस धावत येऊन दांडा वर धरायचा. फास्टॅग माझा असल्यामुळे पैसे कापले जायचेच, सलाम तेवढा फुकट. आमच्या गावच्या वेशीत एक गतिरोधक आहे, तो बांधताना गवंड्याला सिमेंट संपवायचं होतं असं दिसतं. तिथे गाडीतलं वजन कमी करावं लागायचं, म्हणजे नवऱ्याला उतरावं लागायचं. तो उतरायचा, हात मागे बांधून चालत पलीकडे जायचा, आणि परत बसायचा. लोकांना वाटायचं साहेबांचा माणूस रस्त्याच्या कामाची पाहणी करतोय. एकानं त्याला गटारीबद्दल विचारलंसुद्धा.

इथवर मजा होती. मग एक जुनं गिऱ्हाईक दुकानात आलं. दोन एकर डाळिंबाला माझ्याकडून नळ्या नेलेला, बोलका माणूस.

"काय ताई, तुमी बी तिकडलेच झालात व्हय?"

"कुठले?"

"साहेबाचे."

"मी कुणाची नाही. वीस वर्षांत या भिंतीवर एक तरी फोटो बघितला का पुढाऱ्याचा?"

"भिंतीचं सोडा. दारात गाडी कुणाची हाय?"

माझी, म्हणायचं होतं. दोन अक्षरं. नवऱ्यानं दिलेली नाही, बापानं दिलेली नाही, माझ्या दुकानातून आलेल्या पैशाची, मी निवडलेली, माझी. पण शब्द दिला होता. "वापरायला आणली आहे," मी म्हणाले. तो मान डोलवत गेला आणि पुढच्या नळ्या त्यानं दुसरीकडून घेतल्या. नळ्यांचं दुःख मी दोन दिवसांत विसरले. त्या वाक्याचं विसरले नाही, कारण ते मला रोज म्हणावं लागत होतं. पेट्रोल पंपावर, लग्नात, माहेरी. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट फक्त हौसेसाठी घेतली होती आणि तिचीच ओळख मी उसनी म्हणून करून देत होते.

साहेबांना महिन्यातून एकदा फोन करायचे.

"ताई, इलेक्शन पावसाळ्यानंतर गेलं."

मग, "दिवाळीनंतर हाय म्हनत्यात."

मग, "कोर्टात गेलंय आता. कोर्टाला आपन काय बोलावं?"

"साहेब, निवडणुकीचं राहू द्या. सह्या करायला पाच मिनिटं लागतात."

"झालं समजा, ताई."

आणि मग अर्ज यायला लागले. पहिला एका म्हाताऱ्यानं सिग्नलवर काचेतून आत टाकला, वीजबिलाचा. मी ओरडेपर्यंत तो गेला होता. कागद फेकून द्यायला हवा होता. पण माझ्या हातात आलेला कागद नोंद न होता इकडेतिकडे जातो, हे मला सहन होत नाही. ती माझी खोड आहे. मी एक नवी वही घातली. नंबर, तारीख, गाव, काम, साहेबांना कधी कळवलं, पुढे काय झालं. दुकानात दुरुस्तीला आलेल्या पाण्याच्या मोटारीला नंबर देते तसा माणसालाही द्यायला लागले. "तुमचा नंबर नऊ. लक्षात ठेवा." दर शनिवारी पानाचा फोटो साहेबांना फोनवर पाठवायचे. दर शनिवारी साहेबांकडून जोडलेल्या हातांचं चित्र यायचं. "पुढे काय झालं" हा रकाना कोरा होता.

सतरा नंबर मे महिन्यात आला. मांजरसुंब्याच्या चौकात चहाला थांबले होते. पन्नाशीची, उन्हानं रापलेली एक बाई गाडीपाशी आली. कारखान्यावरून ऊस तोडून नुकतीच परतलेली.

"अक्का, हा कागद साहेबाला द्या."

"बाई, मी साहेबांची कोणी नाही."

"आसंना. गाडी तर तीच हाय."

सुनेचं नाव रेशनकार्डात घालायचं होतं. दोन वर्षं अर्ज करत होती. अर्ज केला की चौकशीला माणूस यायचा दिवाळीनंतर, तेव्हा घराला कुलूप आणि घरचे सगळे उसाच्या फडात. कुटुंब आढळले नाही असा शेरा पडायचा, अर्ज बाद. "आमी गावात असतो तवा त्यांला टाइम नसतो," ती म्हणाली. "आमी गेलो की येत्यात बगायला, हायती का म्हून." मी लिहून घेतलं. तिनं नंबर दोनदा विचारून पाठ केला.

जूनच्या सुरुवातीला एका गिऱ्हाइकाच्या मुलाचं लग्न होतं, मांजरसुंब्याच्या अलीकडच्या मंगल कार्यालयात. आम्ही पोचलो तेव्हा मुहूर्त टळून अर्धा तास झाला होता. कारण आमच्याकडे मुहूर्त पंचांगात असतो, पण लग्न लागतं पुढारी आल्यावर. गाडी कमानीतून आत शिरली आणि माईकवाला उठून उभा राहिला.

"आपल्या सर्वांचे लाडके नेते, माननीय साहेब यांचं विवाहस्थळी आगमन झालेलं आहे! वाजवा!"

बँड सुरू झाला. डाव्या दारातून माझा नवरा निघत होता. तो पूर्ण उभा राहायच्या आत दोन जणांनी त्याला धरलं आणि तिसऱ्यानं फेटा बांधायला घेतला. "अहो, मी फिजिक्सचा..." एवढंच त्याचं ऐकू आलं. मी दुसऱ्या बाजूनं ओरडत होते की साहेब नाहीत, साहेब नाहीत, पण ट्रम्पेटपुढे कोण ऐकतो.

तेवढ्यात मागून पांढरी, उंच, सात सीटची गाडी आली आणि खरे साहेब तिच्यातून रुबाबात खाली उतरले. बँड थांबला. माईकवाल्यानं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा साहेबांकडे.

"साहेबांचं," तो म्हणाला, "पुन्हा एकदा आगमन झालेलं आहे."

साहेब मुरलेले. हसत मंचावर गेले, माईक हातात घेतला, वधूवरांना आशीर्वाद दिले, आणि लोक दोन्ही गाड्यांकडे बघतायत हे पाहून म्हणाले, "ती निळी गाडी बी आपलीच हाय. ताई आपल्या भगिनी हायेत. ती गाडी म्हंजे माझं चालतंफिरतं कार्यालय हाय. जनतेच्या सेवेत."

टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्या तशी बायकांच्या बाजूनं एक आवाज आला.

"साहेब, सतरा नंबर."

"काय सतरा?"

ती उभी राहिली होती. लग्न तिच्याच गावचं. "माजा नंबर सतरा. कार्यालयात दिलता अर्ज, त्या निळ्या."

"आन् माझा नऊ हाय साहेब!" पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी.

"एकतीस!"

"ताईनी शनिवारी पाठिवते म्हनलं व्हतं. शनिवार लई झाले."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. अख्ख्या मांडवानं माझ्याकडे बघितलं. "ताई, हे काय हाय?" ते माईकमध्येच म्हणाले.

वही माझ्या पर्समध्ये होती, ती नेहमीच असते. मी उघडली. कुणी विचारलं तर नोंद वाचून दाखवायची, एवढंच मला येतं. "सतरा," मी वाचलं. माईकवाल्यानं दुसरा माईक माझ्या तोंडाशी धरला. "रेशनकार्डात सुनेचं नाव. साहेबांना कळवलं, त्याच शनिवारी. साहेबांचं उत्तर, जोडलेले हात."

मांडव हसला.

"नऊ सांगा, नऊ!"

"नऊ. विहिरीचं अनुदान. कळवलं, तीन वेळा. उत्तर, जोडलेले हात. तीन वेळा."

"साहेब," मागून एक जण ओरडला, "कार्यालय चालतं का नुसतं फिरतंच?"

आता नवरदेवही हसत होता. साहेबांच्या कपाळावर घाम आला. ते एक पाऊल मागे सरले आणि मग, चौदा महिने ज्या वाक्यासाठी मी फोन करत होते, ते वाक्य त्यांनी दोन मोठ्या भोंग्यांतून गावाला ऐकवलं.

"ओ, थांबा! ती गाडी माझी न्हाईच! इकली मी ती! चौदा म्हैने झाले! ताईची हाय गाडी, त्यांनी इकत घेतलीय, तिच्यात कुनी काय टाकलं त्याला मी जबाबदार न्हाई!"

मग भटजींनी घसा खाकरला आणि कुणाची वाट न बघता मंगलाष्टकं सुरू केली.

मी मंचाच्या बाजूनं साहेबांपाशी गेले. हस्तांतराचे फॉर्म, एकोणतीस आणि तीस नंबरचे, प्रत्येकी दोन प्रती, चौदा महिने गाडीच्या खणात पडून होते. फेटेवाला नवरा ते घेऊन आला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पेन मागितलं आणि एका कार्यकर्त्याच्या पाठीवर कागद ठेवला. भटजी "सावधान" म्हणायचे, लोक अक्षता टाकायचे, साहेब सही करायचे. चार कडवी, चार सह्या. शेवटच्या कागदावर तांदळाचा एक दाणा सहीखाली अडकला तो मी नखानं काढला.

"लई हुशार हाईत तुमी, ताई," ते हळूच म्हणाले. रागानं नाही. धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाला म्हणावं तसं.

"मी ठरवून केलं नाही, साहेब."

खरंच नव्हतं केलं. ठरवून करायचं असतं तर याहून वेगळं काही सुचलं नसतं, हेही खरं.

जेवून बाहेर आले. गाडीपाशी ती बाई उभी होती, सतरा नंबर.

"गाडी तुमची हाय व्हय," ती म्हणाली.

"माझी आहे."

"बरं झालं. चांगली हाय." मग बोनेटवरून हात फिरवत, "मंग आता माजा अर्ज कुनाकडं?"

माझं नळ्यांचं दुकान आहे, मी सांगितलं, सरकारी कामातलं मला काही कळत नाही. ती ऐकत होती. तिच्या नंबरावर मला चार सह्या मिळाल्या होत्या आणि तिला एकही नाही, हे तिला मोजायची गरज नव्हती, ते मला मोजता येत होतं.

"साहेबानं तर हात झटकले," ती म्हणाली. "तुमी लिवून तरी घेतलं व्हतं."

सोमवारी सकाळी मी आरटीओत फॉर्म जमा केले, पावती पर्समध्ये ठेवली आणि तिला आणायला मांजरसुंब्याला गेले. ती पुढच्या सीटवर बसली आणि दोन्ही हातांनी दार धरलं.

"लई खाली हाय ओ. रस्ता बुडाला लागतोय जनू."

घाट उतरताना रस्ता मोकळा होता. मी पाय थोडा दाबला. तिचा पदर डोक्यावरून मागे गेला, तिनं तो सावरला नाही. नवरा या ठिकाणी सूत्रं म्हणायला लागतो. ती काचेतून बाहेर बघत राहिली, मागे जाणाऱ्या झाडांकडे, मग माझ्याकडे वळली.

"अजून जोरात जाती का?"

"जाते."

"मंग?"

मी दाखवलं. खाली आल्यावर ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसावर बसून शेकडो कोस गेले, म्हणाली, पण गेल्यासारखं आजच वाटलं.

तालुक्याच्या कचेरीत टेबलामागच्या माणसानं तिचा कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "चौकशी बाकी आहे. दिवाळीनंतर या."

"दिवाळीनंतर आमी नसतो साहेब," ती म्हणाली.

"मग मी काय करू?"

मी बोलायला तोंड उघडलं. नियम, मुदत, मागचे दोन अर्ज, सगळं मी लिहून नेलं होतं. पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तो खिडकीतून बाहेर बघत होता, लिंबाखाली उभ्या निळ्या गाडीकडे, चार सारख्या आकड्यांकडे. तो लग्नाला आलेला नव्हता.

"गाडी साहेबांची ना?"

पर्समध्ये पावती होती. तिच्यावर माझं नाव होतं, शिक्का ताजा होता. चौदा महिने या प्रश्नाचं खरं उत्तर देता यावं म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. मी शेजारी बघितलं. बाईनं चेहऱ्यावरची माशीही हलू दिली नाही.

"साहेबांचीच," मी म्हणाले.

"साहेबांनीच धाडलंय," ती म्हणाली.

त्यानं समोरच्या खुर्चीवरचे गठ्ठे उचलून खाली ठेवले, तिला बसायची खूण केली आणि कपाटातून रजिस्टर काढलं.

"सुनेचं पूर्ण नाव सांगा."